वरून सांगितलंय

अकोल्याला आमच्या आजोबांच्या तोंडी ‘निक्सन’ हा शब्द शिवीसारखा यायचा. एखादा अडत्या मापात खोटा निघाला की ते म्हणायचे, “हा तं निक्सनच निंघाला!” १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागराकडे आरमार पाठवणारा माणूस आणि पुढे एका चोरीच्या प्रकरणात खुर्ची घालवून बसलेला माणूस, एवढी ओळख त्यांना पुरेशी होती. मला मात्र बराच काळ हेच कळलेलं नव्हतं की वॉटरगेटमध्ये नेमकं चोरलं काय. अमरावतीला इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ पाहिला. त्यातही चोर सुरुवातीलाच पकडले जातात आणि मग सिनेमा दोन पत्रकारांचा होतो. चोर पडद्यावरून गेले की त्यांची आठवण कुणी काढत नाही.

हा लेख त्या पाच चोरांपैकी एकाबद्दल आहे. त्याचं नाव युहेनिओ मार्तिनेस.

१७ जून १९७२, शनिवार, पहाटेचे अडीच. वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत सहाव्या मजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाचं मुख्य कार्यालय होतं. तिथे साध्या वेशातल्या तीन पोलिसांना टेबलांच्या आड लपलेले पाच जण सापडले. सगळे सुटाबुटात, हातात डॉक्टर वापरतात तसले रबरी मोजे. जवळ कॅमेरे, फिल्मचे रोल, चोरून ऐकायची यंत्रं आणि ओळीनं नंबर असलेल्या शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा. भुरट्या चोराकडे अशा नोटा नसतात, हे पोलिसांना लगेच कळलं. पाचही जणांनी खोटी नावं सांगितली. त्यातला ‘जीन वाल्डेस’ म्हणजे मार्तिनेस, वय ४९, मायामीत घरं-जागा विकणारा एजंट. त्याच्याजवळ एक छोटी वही होती आणि वहीला चिकटपट्टीनं लावलेली एक किल्ली. ती त्याच ऑफिसातल्या एका सेक्रेटरीच्या टेबलाला लागली.

पाचांपैकी जेम्स मॅकॉर्ड हा सीआयएतून निवृत्त झालेला अधिकारी होता आणि निक्सनच्या निवडणूक समितीचा सुरक्षाप्रमुख. बर्नार्ड बार्कर, फ्रँक स्टर्जिस आणि कुलूपं उघडण्यात तरबेज असलेला व्हर्जिलियो गोन्सालेस हे तिघे मायामीचे, क्युबाच्या भानगडीत या ना त्या नात्यानं अडकलेले. मार्तिनेस या सगळ्यांत वेगळा होता, कारण त्या रात्री सीआयएच्या वहीवर नाव असलेला तो एकटाच होता. महिना शंभर डॉलरचा रतीब. त्या बदल्यात मायामीतल्या क्युबन निर्वासितांमध्ये काय चाललंय, समुद्रातून कोण आलं, कोण नवीन दिसतंय, हे तो एका ठरलेल्या अधिकाऱ्याला सांगायचा. आपल्याकडे अशा माणसाला खबऱ्या म्हणतात.

पण शंभर डॉलरसाठी खबऱ्या झालेला हा माणूस नव्हता, आणि इथूनच मला तो सोडवेना.

* * *

मार्तिनेसचा जन्म १९२२चा, हवानाच्या नैर्ऋत्येला असलेल्या आर्तेमिसा या गावचा. बतिस्ताच्या हुकूमशाहीलाही त्याचा विरोध होता. १९५९ साली फिदेल कॅस्ट्रो सत्तेवर आला आणि थोड्याच दिवसांत कॅस्ट्रोशीही त्याचं जमेना. देश सोडून तो मायामीला आला. असे लाखभर लोक तेव्हा फ्लोरिडात येऊन पडले होते आणि त्यातल्या बहुतेकांची खात्री होती की वर्ष-दोन वर्षांत आपण परत जाणार. सूटकेसही पुरती रिकामी न करणारी माणसं.

या लोकांना हाताशी धरून सीआयएनं १७ एप्रिल १९६१ला क्युबावर स्वारी केली, तीच ‘बे ऑफ पिग्ज’ची मोहीम. सुमारे चौदाशे निर्वासितांची ‘ब्रिगेड २५०६’ किनाऱ्यावर उतरली. हवाई मदत येणार असं त्यांना सांगण्यात आलं होतं, केनेडींनी ऐन वेळी हात आखडता घेतला, आणि तीन दिवसांत सगळं संपलं. शंभरावर माणसं मेली, अकराशेहून जास्त कैद झाली. पुढच्या वर्षी डिसेंबरात पाच कोटी तीस लाख डॉलरचं अन्न आणि औषधं मोजून अमेरिकेनं कैदी सोडवून आणले.

एवढ्यावर क्युबन लोकांनी अमेरिकनांचा नाद सोडायला हवा होता, असं आपल्याला इथे बसून वाटतं. झालं उलटं. मायामी विद्यापीठाच्या दक्षिणेकडच्या आवारात सीआयएनं एका खोट्या कंपनीच्या पाटीमागे प्रचंड मोठं ठाणं उघडलं आणि निर्वासितांच्या छोट्या बोटी रात्रीबेरात्री क्युबाकडे जाऊ लागल्या. शस्त्रं पोचवायची, माणसं उतरवायची, अडकलेली माणसं आणायची. मार्तिनेस अशा बोटींचा कप्तान होता. त्याच्या नावावर तीनशेहून जास्त खेपा सांगितल्या जातात. फ्लोरिडाच्या टोकापासून क्युबाचा किनारा साधारण १४५ किलोमीटर, म्हणजे अमरावतीहून नागपूर जेवढं आहे त्याहून थोडं कमीच. पण मधे समुद्र, अंधार आणि कॅस्ट्रोच्या गस्ती बोटी. एका अर्थी हा माणूस देशोधडीला लागूनही शेकडो वेळा आपल्या देशाच्या किनाऱ्याला लागला. फक्त घरी गेला नाही.

ही शेवटची गोष्ट मी अलंकारिक म्हणून लिहिलेली नाही. ऑक्टोबर १९७४च्या ‘हार्पर्स’ मासिकात मार्तिनेसनं स्वतःची हकीकत सांगितली आहे. त्यात तो सांगतो की त्याच्या आईवडिलांना क्युबातून बाहेर पडायची परवानगी नव्हती. त्यांना काढून आणणं त्याला अवघड नव्हतं, कारण माणसं बाहेर काढणं हेच त्याचं काम होतं, त्यात तो वाकबगार होता. पण वरिष्ठांनी नाही म्हटलं. तू पकडला गेलास, छळ झाला आणि बोललास, तर बाकीच्या मोहिमा उघड्या पडतील. त्यानं ऐकलं. आई आणि वडील क्युबातच वारले.

ही गोष्ट तो दोन-चार वाक्यांत सांगतो आणि पुढे जातो. मी तिथे बराच वेळ थांबलो. लॉकडाऊनचे दिवस होते, मी अमरावतीच्या घरून काम करत होतो, आईबाबा बाजूच्या खोलीत होते. दुसऱ्यांच्या आईवडिलांना शेकडो रात्री बोटीत घालून आणणारा माणूस स्वतःच्या आईवडिलांना आणत नाही, कारण वरून नाही सांगितलंय. असा हुकूम एकदा पाळला की पुढचा कुठलाही हुकूम खोटा असू शकतो असं मानणं त्या माणसाला परवडेल का? हुकूम खोटा असू शकतो असं एकदा मानलं, तर मग तोही खोटा असू शकला असता की.

वॉटरगेटवर आतापर्यंत जे काही वाचलं, त्यात मार्तिनेसला एक तर भोळा ठरवलेलं असतं किंवा बेरकी. मला तो या दोन्हींत बसत नाही.

* * *

१७ एप्रिल १९७१. स्वारीला दहा वर्षं झाली म्हणून मायामीच्या क्युबन वस्तीत ब्रिगेडच्या स्मारकापाशी लोक जमले होते. त्या दिवशी बार्करच्या दारावर कुणीतरी चिठ्ठी लावून गेलं. पूर्वी ओळखत होतो तोच तू बार्कर असशील तर अमुक ठिकाणी भेट, असा मजकूर. सही ‘हॉवर्ड’. हा हॉवर्ड हंट. बे ऑफ पिग्जच्या वेळी सीआयएतर्फे क्युबन नेत्यांना सांभाळणारा अधिकारी, निर्वासितांमध्ये ‘एडुआर्दो’ या नावानं ओळखला जाणारा. बार्कर तेव्हा त्याचा हाताखालचा माणूस होता आणि मार्तिनेस आता बार्करच्या मायामीतल्या ऑफिसात घरं विकत होता. तिघे भेटले. एडुआर्दोनं कामाचं काहीच काढलं नाही. जुन्या गोष्टी झाल्या, क्युबा अजून विसरलेलो नाही असं सूचित झालं.

दहा वर्षांनी, नेमक्या त्याच तारखेला, नेमका तोच माणूस. योगायोगानं आलेला नव्हताच तो. पण ज्यांनी दहा वर्षं वाट पाहण्याशिवाय काही केलं नव्हतं त्यांना हा शकुन वाटला. अमेरिका क्युबाच्या प्रश्नाकडे परत वळते आहे.

हंट तेव्हा सीआयएतून निवृत्त झालेला होता आणि जुलैत तो व्हाइट हाउसमध्ये सल्लागार म्हणून लागला. कारण १३ जूनला ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं पेंटॅगॉन पेपर्स छापायला सुरुवात केली होती. व्हिएतनाम युद्धात सरकारनं लोकांशी काय काय खोटं बोललं याचा सरकारी इतिहास डॅनियल एल्सबर्गनं फोडला होता. निक्सन पिसाळला आणि गळती थांबवायला व्हाइट हाउसमध्ये एक छोटी तुकडी तयार झाली. गळती थांबवणारे म्हणून त्यांचं नाव पडलं ‘प्लंबर्स’.

याच प्लंबर्सचं एक टोक आपल्यापर्यंत येतं, म्हणून जरा वाट वाकडी करतो. डिसेंबर १९७१मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात पत्रकार जॅक अँडरसननं अमेरिकी सरकारच्या गुप्त बैठकांचे वृत्तांत छापले. वरून तटस्थ असल्याचं दाखवणारा निक्सन आतून पाकिस्तानच्या बाजूनं झुकायला सांगतोय, हे त्यातून बाहेर आलं. कागद कुणी फोडले हे शोधायचं काम प्लंबर्सकडे गेलं. संशय आला चार्ल्स रॅडफर्ड नावाच्या नौदलाच्या कारकुनावर, जो त्याआधी दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत नोकरीला होता. चौकशीत भलतंच निघालं. हा कारकून किसिंजरच्या बॅगेतले कागद चोरून सेनाप्रमुखांना देत होता, म्हणजे अमेरिकेचं लष्कर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षावर हेरगिरी करत होतं. निक्सननं ते प्रकरण दाबून टाकलं. अँडरसनला त्या बातम्यांसाठी १९७२चं पुलित्झर मिळालं. आजोबांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांच्या शिवीला अजून धार आली असती.

तर मार्तिनेसकडे परत. ऑगस्ट १९७१मध्ये हंटनं बार्करला सांगितलं की आपण आता व्हाइट हाउसच्या पातळीवरच्या एका संघटनेत आहोत, एफबीआय आणि सीआयए या दोघांच्याही वरच्या. एका देशद्रोह्याची माहिती काढायची आहे. बार्करनं मार्तिनेसला आणि फेलिपे दे दिएगो या तिसऱ्या सहकाऱ्याला घेतलं. ३ सप्टेंबरच्या रात्री हे तिघे लॉस एंजलिसजवळ बेव्हर्ली हिल्समध्ये डॉ. लुइस फील्डिंगच्या दवाखान्यात खिडकी फोडून घुसले. फील्डिंग हे एल्सबर्गचे मानसोपचारतज्ज्ञ. कपाटं उचकटली, कागद पालथे घातले, आणि गर्दुल्ल्यांचं काम वाटावं म्हणून गोळ्या जमिनीवर पसरल्या. एल्सबर्गची फाइल मिळाली नाही, असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं.

यानंतरचा प्रसंग मार्तिनेसनंच लिहिला आहे. हात हलवत परत आलेल्या माणसांसाठी शॅम्पेन तयार होती. शाबासकी मिळाली. मार्तिनेसला हे विचित्र वाटलं. त्यानं दे दिएगोला सांगितलं की ही नुसती तालीम असणार, पुढच्या कुठल्या तरी मोठ्या कामाची, नाहीतर दुसऱ्या कशावर तरी पांघरूण. एका डॉक्टरचं कपाट फोडण्यात काही अर्थ नाही हे त्याला दिसत होतं. पण वरच्यांना अर्थ माहीत नाही असं कसं होईल? तेव्हा अर्थ त्यानं स्वतःच्या पदरचा भरला.

* * *

आता जो भाग वॉटरगेटच्या पुस्तकांमध्ये पानाच्या तळाशी असतो आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो.

मार्तिनेस सीआयएचा खबऱ्या होता. मायामीत कोण नवीन दिसलं हे सांगणं त्याचं कामच. हंट मायामीत येतोय हे त्यानं नोव्हेंबर १९७१मध्ये आपल्या अधिकाऱ्याच्या कानावर घातलं. काही झालं नाही. मार्च १९७२मध्ये तो एक पायरी वर गेला. सीआयएच्या मायामी ठाण्याच्या प्रमुखाला त्यानं विचारलं की मायामीतल्या एजन्सीच्या सगळ्या हालचाली तुम्हाला ठाऊक असतात ना? आणि हंटचं नाव घेतलं. प्रमुख चमकला. त्यानं मुख्यालयाला लिहून विचारलं की हा हंट इथे काय करतोय. उत्तर आलं ते असं की हंट व्हाइट हाउसच्या कामावर आहे, तुम्ही त्यात लक्ष घालू नका.

मार्तिनेसला स्पॅनिशमध्ये एक छोटा अहवाल लिहून द्यायला सांगितलं गेलं. त्यानं वरवरचं काहीतरी लिहून दिलं. फील्डिंगच्या दवाखान्याचा त्यात पत्ता नव्हता.

म्हणजे पाहा. या माणसानं विचारलं होतं. अर्धवट, आडून, पण विचारलं. त्याला दोन मालक होते. एक महिना शंभर डॉलर देणारा आणि दुसरा तारखांची आठवण ठेवून येणारा. दुसरा म्हणत होता मी पहिल्याच्या वरचा आहे. पहिल्याला विचारलं तर तो गप्प. त्या गप्प बसण्याचा अर्थ कुणीही काय लावेल? हंट खरोखरच वरचा आहे, असाच. एजन्सीनं त्याआधी हंटला विग, आवाज बदलायचं यंत्र आणि कॅमेरा पुरवलेला होता. तिनं हंटला कामावर ठेवलं नव्हतं, पण अडवलंही नव्हतं. खबऱ्याचा उपयोग काय, तर खबर घेणं. इथे खबर आली आणि ती नको होती.

दुसरी बाजूही आहे, आणि ती सोडून देणं बरोबर होणार नाही. मार्तिनेसनं दवाखान्याची गोष्ट लपवली. त्याला ती सांगता आली असती. जुलै १९७०मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला होता. रात्री दुसऱ्याची खिडकी फोडणं हा त्या देशात गुन्हा आहे हे कळायला कायद्याची पदवी लागत नाही. चाळिशी उलटून गेलेला, जग पाहिलेला माणूस होता तो.

* * *

वॉटरगेटची चोरी एका रात्रीत झालेली नाही, चार प्रयत्न झाले. मे महिन्याच्या शेवटी, २६ तारखेला, त्याच इमारतीत एका बनावट कंपनीच्या नावानं मेजवानी ठरवली. सगळे जेवून गेल्यावर हंट आणि गोन्सालेस आत राहून वर जाणार होते. दोघे एका कपाटात अडकून रात्रभर तिथेच बसले. दुसऱ्या रात्री दारापर्यंत पोचले तर गोन्सालेसकडे योग्य हत्यारं नव्हती. त्याला विमानानं मायामीला पाठवून हत्यारं आणवली. २८ तारखेला जमलं. फोनमध्ये दोन यंत्रं बसवली, त्यातलं एक चाललंच नाही. म्हणून जूनमध्ये परत जावं लागलं. मार्तिनेसची तक्रार होती की समुद्रातल्या कामांना नकाशा असायचा, फसलं तर काय करायचं हे ठरलेलं असायचं, इथे तसलं काहीच नाही.

क्युबन लोकांना या कामाचं कारण सांगितलं होतं ते असं की कॅस्ट्रोचा पैसा डेमोक्रॅटिक पक्षात येतोय, त्याचे कागद शोधायचे आहेत. या एका वाक्यानं ऑफिसातली चोरी त्यांच्यासाठी क्युबाची मोहीम झाली.

१७ जूनच्या रात्री तळघरातल्या दाराच्या खटक्यावर चिकटपट्टी लावलेली होती, दार आपोआप बंद होऊ नये म्हणून. ती आडवी लावल्यामुळे बाहेरून दिसत होती. इमारतीचा रखवालदार फ्रँक विल्स, वय २४, आठवड्याला ८० डॉलर पगार. त्याला ती दिसली. सफाईवाल्यांनी लावली असेल म्हणून त्यानं काढून टाकली आणि खायला आणायला गेला. चोर आले तर दार बंद. थांबायचं की पुढे जायचं, यावर खल झाला आणि पुढे जायचं ठरलं. गोन्सालेसनं कुलूप उघडलं, पुन्हा पट्टी लागली. मार्तिनेस सांगतो की आत आल्यावर त्यानं मॅकॉर्डला विचारलं होतं की पट्ट्या काढल्यास ना? मॅकॉर्ड हो म्हणाला. काढल्या नव्हत्या. विल्स परत आला, त्याला दुसऱ्यांदा तीच पट्टी दिसली आणि त्यानं पोलिसांना फोन केला. समोरच्या मोटेलमधून पहारा देणाऱ्याचं लक्ष उशिरा गेलं आणि बार्करनं वॉकीटॉकीचा आवाज कमी केलेला होता.

अकोल्याला आमच्या गल्लीत रात्री गुरखा काठी आपटत जायचा. त्याच्याकडेही फोन करायचा अधिकार कुणी लिहून दिलेला नव्हता. विल्सला कुणी वरून काही सांगितलं नव्हतं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. बार्करच्या बँक खात्यातून १,१४,००० डॉलर फिरलेले निघाले, मूळ निक्सनच्या निवडणूक निधीतले. जानेवारी १९७३मध्ये बार्कर, मार्तिनेस, गोन्सालेस आणि स्टर्जिस यांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीश सिरिका खोदून खोदून विचारत होते की पैसा कुठून आला. बार्कर म्हणाला, कोऱ्या पाकिटात टपालानं आला. सिरिकांनी सरळ सांगितलं की माझा विश्वास बसत नाही. मार्चमध्ये त्यांनी तात्पुरती म्हणून चाळीस वर्षांची शिक्षा ठोठावली, तोंड उघडावं म्हणून. हे चौघे फुटले नाहीत. फुटला तो मॅकॉर्ड, म्हणजे सरकारी नोकरी केलेला माणूस. मग सिनेटर सॅम अर्विन यांच्या समितीपुढे टीव्हीवर सगळं बाहेर आलं. (आमच्या अमरावतीत इर्विन चौक आहे. पहिल्यांदा ते नाव वाचलं तेव्हा मला एकदम एसटी स्टँडकडे जाणारे ऑटो आठवले.) मार्तिनेस सुमारे पंधरा महिने तुरुंगात होता.

* * *

माझा या गोष्टीशी संबंध कुठे येतो ते सांगायला हवं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संध्याकाळी मला सीनियरचा फोन आला. क्लायंटकडून विचारणा आहे, अमुक टेबलमधला सगळा डेटा काढ आणि मेल कर. मी म्हटलं, त्याला अप्रूव्हल लागतं. तो म्हणाला, वरून सांगितलंय. मी काढला. पंधरा दिवसांनी ऑडिट आलं. लॉगमध्ये माझं नाव, माझी वेळ, माझी कमांड होती. ‘वरून सांगितलंय’ यासाठी लॉगमध्ये कॉलमच नसतो. सीनियरला तो फोन आठवेना. मला ताकीद मिळाली, प्रकरण मिटलं, आणि खरं सांगायचं तर मला माझी चूक मान्य होती. तरी आत कुठेतरी वाटत होतं की मी विचारलं होतं ना. आजोबांना सांगितल्यावर ते म्हणाले, “वरून सांगतलं म्हनतेस, पन वर कोन व्हतं ते पाह्यलं काय?”

मार्तिनेसच्या बाबतीत हाच प्रश्न अमेरिकेच्या कोर्टांपुढे गेला, आणि एकदा नाही, दोनदा. वॉटरगेटच्या खटल्यात दिलेली कबुली मागे घेऊ द्या, आम्ही सरकारी काम समजून केलं, अशी बार्कर, मार्तिनेस वगैरेंची मागणी होती. १९७५मध्ये अपील कोर्टानं ती फेटाळली. फील्डिंगच्या दवाखान्याच्या खटल्यात दोघांना १९७४मध्ये दोषी ठरवून तीन वर्षं परीविक्षेवर ठेवलं होतं. तिथल्या न्यायाधीश गेझेल यांनी ज्युरीला बजावलं होतं की कायद्याबद्दलचा गैरसमज हा बचाव होऊ शकत नाही. १७ मे १९७६ला त्याच अपील कोर्टातल्या तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक मतानं ही शिक्षा उलटवली. व्हाइट हाउसमधल्या अधिकाऱ्यावर सामान्य माणसानं वाजवी कारणानं विश्वास ठेवला असेल तर ते ज्युरीपुढे मांडता आलं पाहिजे, असा बहुमताचा रोख होता, जरी त्या दोघांची कारणं वेगवेगळी होती. तिसरे न्यायाधीश लेव्हेंथल यांना हे अजिबात पटलं नाही. अशानं कायद्यापेक्षा अधिकाऱ्याचा शब्द मोठा होईल, ही त्यांची भीती. त्याच दिवशी त्याच कोर्टानं व्हाइट हाउसमधले एर्लिकमन यांची शिक्षा मात्र कायम केली. हुकूम देणाऱ्याला ‘मला वाटलं चालतं’ म्हणता येणार नाही, पाळणाऱ्याला कदाचित म्हणता येईल.

मी दोन्ही बाजू वाचल्या. लॉगचा अनुभव घेतलेला माणूस म्हणून मला लेव्हेंथल बरोबर वाटतात. पण मग ते आईवडील आठवतात आणि मला खात्री राहत नाही. मार्तिनेसला विश्वास ठेवायची सवय सरकारनंच लावली होती. दहा-बारा वर्षं त्याला सांगितलं गेलं की कारण विचारू नकोस, कागद मागू नकोस, रात्री बोट काढ. त्याच सरकारनं त्याला नंतर विचारायचं की तू कागद का मागितला नाहीस?

स्वतः मार्तिनेस वॉटरगेटकडे बे ऑफ पिग्जची पुनरावृत्ती म्हणून पाहत होता. अमेरिकेसाठी फजिती, क्युबन लोकांसाठी शोकांतिका.

त्यात एक गोष्ट त्याला तेव्हा माहीत नव्हती. अटकेनंतर सहा दिवसांनी, २३ जून १९७२ला, निक्सन आपल्या ऑफिसात हाल्डेमनशी बोलत होता. एफबीआयचा तपास थांबवायचा होता. ठरलं असं की सीआयएच्या व्हर्नन वॉल्टर्सनी एफबीआयच्या पॅट्रिक ग्रेना सांगावं, यात पडू नका. सीआयएनं हे का ऐकावं? तर निक्सन म्हणतो की हा हंट आणि हे क्युबन यांच्यावरची खपली काढली तर बे ऑफ पिग्जचं सगळं परत उकरलं जाईल, असं त्यांना सांगा. ज्या माणसांना बे ऑफ पिग्जची तारीख दाखवून कामाला लावलं, त्यांचाच बे ऑफ पिग्ज आता धमकी म्हणून वापरला जात होता. ही टेप ५ ऑगस्ट १९७४ला बाहेर आली आणि ९ तारखेला निक्सन गेला. महिन्याभरात, ८ सप्टेंबरला, फोर्डनी त्याला माफीही दिली.

मार्तिनेसचा शंभर डॉलरचा रतीब अटकेबरोबर बंद झाला होता. तुरुंगातून आल्यावर त्यानं मायामीत गाड्यांच्या शोरूममध्ये काम केलं. मे १९८३मध्ये रेगननी त्याला माफी दिली. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्षाची माफी मिळालेली माणसं दोनच, निक्सन आणि हा. फ्रँक विल्स सप्टेंबर २०००मध्ये जॉर्जियात गरिबीत वारला, वय ५२.

मार्तिनेस ३० जानेवारी २०२१ला फ्लोरिडात वारला, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन. तोवर फिदेलला जाऊनही चार वर्षं झाली होती आणि क्युबातलं सरकार तेच होतं.